धुवणाचं मडकं

नाशिकला थंडी पडली की लोकांना द्राक्षं आठवतात, कुणाला बाजरीची भाकरी आठवते, आमच्या शेजारच्या निवृत्त बँकवाल्यांना आपले गुडघे आठवतात. मला कुड्याची साल आठवते. ज्याची त्याची आवड. परवा सकाळी गच्चीत उन्हाला बसले होते, अंगात सुनेनं बळंच घातलेला स्वेटर, आणि कुठूनसा एक इंद्रजव तरंगत येऊन माझ्या शालीवर टेकला. इंद्रजव म्हणजे कुड्याच्या झाडाचं बी. जवासारखं लांबट, बारीक, आणि टोकाला रेशमी केसांचा झुपका. थंडी सरत आली की कुड्याच्या जोडशेंगा फुटतात आणि ही बियं वाऱ्यावर निघतात. आमच्या कॉलनीत आता कुडा कुठला? कुठून वाट काढत आलं होतं कोण जाणे. मी ते उचललं, नखानं चिमटलं आणि जिभेवर ठेवलं. कडू. तेव्हा होतं तसंच कडू. सून बघत होती. "आई, काहीही काय तोंडात घालता?" तिला काय सांगू, माझी सगळी नोकरी काहीबाही तोंडात घालण्यातच गेली.

मी रसायनशास्त्र शिकले आणि जुन्या औषधांच्या मागे लागले. वैद्यांच्या बाडांमधली, आजीबाईंच्या तोंडची, डोंगरातल्या माणसांच्या हातची औषधं गोळा करायची आणि त्यांत खरंच काही आहे का ते प्रयोगशाळेत तपासायचं, हे माझं काम. आमच्या आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही. "एम.एस्सी. केलंस आणि करतेस काय, तर सालं कुटतेस. कुटायचंच होतं तर घरात खलबत्ता होता की." वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. त्यांना मात्र कोण कौतुक. पहिल्या पाळीच्या बसमध्ये त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की पोरगी औषधं शोधते. त्यामुळे मी थांब्यावर उभी राहिले की मफलर गुंडाळलेली चार माणसं येऊन खोकल्यावर काय घेऊ म्हणून विचारायची. मी अडुळसा सांगायची. सगळ्यांना अडुळसाच. त्यापलीकडे मला तरी तेव्हा काय येत होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या हिवाळ्यातली थंडी अजून माझ्या बोटांत आहे. सकाळी गोदावरीच्या पाण्यावर वाफ उभी असायची. पंचवटीत भाजीवाल्या मेथीच्या जुड्या मांडायच्या आधी हात शेकून घ्यायच्या, त्या शेकोटीच्या धुराचा आणि ओल्या कोथिंबिरीचा वास एकमेकांत मिसळायचा. त्या वासातून वाट काढत मी आप्पांकडे जायची.

आप्पा म्हणजे पंचवटीतले जुने वैद्य. बाजारामागच्या बोळात दोन खणांचा दवाखाना, त्याच्या मागे स्वयंपाकघर. पुढे आप्पा, मागे काकू, आणि मधे एक पडदा. पडद्याला कान होते. आप्पा पेशंटला पथ्य सांगताना काही विसरले की आतून काकूंचा आवाज यायचा, "आणि तिखट बंद." सत्तरी गाठलेले आप्पा मला शास्त्रीणबाई म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. आमच्या घरी बुद्ध पौर्णिमेची खीर होते हे त्या आडनावावरून नाशकात कुणालाही कळतं. आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी फडताळातून लाल फडक्यात बांधलेलं आजोबांचं बाड काढलं. "हे आजवर घराबाहेरच्या माणसाच्या हातात गेलेलं नाही," ते म्हणाले, "हात धुतलेस ना? मग धर." मी धरलं. आतून काकू गुळाचा चहा घेऊन आल्या, घरातल्याच कपात. त्या चहाची चव मी विसरले नाही आणि त्यामागची ती थोडीशी शांतताही विसरले नाही. दोन्ही खरं होतं.

बाडात शे-सव्वाशे औषधं होती. त्यांतलं एक त्यांनी बोट ठेवून दाखवलं. हगवणीवरचं. कुड्याची ताजी साल कुटावी, रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून ते पाणी द्यावं. इतकंच.

"आधी हे तपास," आप्पा म्हणाले.

मी विचारलं, हेच का? त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आमची कुमुद चार वर्षांची होती. हगवण लागली. मी हेच दिलं. चार दिवस दिलं, पाचव्या दिवशी पोर गेली. त्याला तीस वर्षं व्हायला आली. अजून मी हे लोकांना देतो. कुणाला गुण येतो, कुणाला येत नाही. आणि दर वेळी मनात येतं, औषधच खोटं होतं, की माझा हात खोटा होता? माणसं मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलतील. तुझ्या बाटल्यांना काही लाजबीज नाही. जे निघेल ते मला येऊन सांग. गोड करून सांगू नकोस."

मी तेव्हा पंचविशीत होते. हो म्हणाले. त्या हो म्हणण्यात काय काय येतं हे त्या वयात कळत नाही, आणि तेच बरं, नाहीतर कुणी कधी काही तपासलंच नसतं.

साल आणायची सोनाबाई. पेठ तालुक्याच्या बाजूच्या डोंगरातली, साठीची, काटक बाई. दर बुधवारी नदीकाठच्या बाजारात मुळ्या, साली, बिया घेऊन बसायची, आप्पांचा सगळा माल तिच्याकडून. मी तिला मावशी म्हणायची, ती मला ताई. एकदा एस.टी.नं मी तिच्या गावाला गेले, साल काढतात कशी ते बघायला. दव पडून गवत चिंब झालं होतं आणि माझ्या शहरी चपलांनी साथ सोडली होती. कुड्याची पानं गळत आलेली, फांदीफांदीला शेंगांच्या जोड्या लोंबत होत्या. मी उत्साहानं एका झाडाला हात घातला तर मावशी म्हणाली, "त्यो काळा कुडा हाय. त्याचा उपेग नाय. तुमाला शिकिवलं कुनी?" मग तिनं पांढरा कुडा दाखवला, खोडाला तळहात लावला आणि कुणा शेजारणीशी बोलावं तसं बोलली, "थोडं नेते गं. बाकीचं तुझं." तळहाताएवढाच तुकडा काढला. जखमेवर ओली माती लिंपली. पलीकडच्या झाडावर आधीच कुणी साल काढल्याची खूण होती, त्याला तिनं हातसुद्धा लावला नाही. मी वहीत लिहून घेतलं. झाडाची उंची, खोडाचा घेर, सगळं लिहिलं. ती झाडाशी बोलली ते मात्र लिहिलं नाही. त्याला रकाना नव्हता.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक व्हरांडा. सालीत कडू सत्त्व असतं हे मला ठाऊकच होतं, ते पुस्तकांत आहे. प्रश्न असा होता की आप्पांच्या औषधाच्या पाण्यात ते उतरतं का. एक रसायन असतं, त्याचे दोन थेंब टाकले की असलं सत्त्व नारिंगी होऊन तळाशी बसतं. ओळखायला सोपं. मी साल कुटली, रात्रभर भिजवली, सकाळी गाळली. बाडात पाणी लिहिलं होतं, मी ऊर्ध्वपातन करून त्याहून शुद्ध पाणी घेतलं. त्या शुद्धपणाचा मला भारी अभिमान होता. थेंब टाकले. नळीत जेमतेम धुकं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तीन आठवडे केलं. हातांना सालीचा वास बसला, आई जेवायला वाढताना नाक मुरडायची, आणि नळीत धुक्याच्या पुढे काही येईना.

मग मी आप्पांना जाऊन सांगितलं. गोड केलं नाही. "आप्पा, तुमच्या पाण्यात काही उतरत नाही. असून नसल्यासारखं आहे."

मला वाटलं होतं ते चिडतील. आजोबांचं बाड आहे, चिडायला हवं होतं. ते चिडले नाहीत. मग कपाटातली कुड्याच्या सालीची बरणी काढून त्यांनी खाली जमिनीवर ठेवली. म्हणाले, "म्हणजे औषधच नव्हतं. माझ्या हातून काही चुकलं नव्हतं." आणि एक लांब श्वास सोडला. त्या दिवशी त्यांनी मला बोळाच्या तोंडापर्यंत पोचवलं, वाटेत भाजीवालीशी थट्टासुद्धा केली. इतके मोकळे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. माझ्या डोक्यात मात्र अहवाल कसा लिहायचा हेच घोळत होतं, त्यामुळे मी ते पाहिलं आणि तसंच सोडून दिलं.

पुढच्या बुधवारी मावशी थेट प्रयोगशाळेत आली. आप्पांनी साल घ्यायचं बंद केलं होतं आणि कारण म्हणून माझं नाव सांगितलं होतं. व्हरांड्यात टोपली आपटून ती म्हणाली, "ताई, माझी साल खोटी म्हन्तेस?"

मी म्हटलं, "साल खरी आहे गं मावशी. पाण्यात उतरत नाही, त्याला मी काय करू?"

तिनं टेबलावरचं चंचुपात्र उचललं, मी नको नको म्हणेपर्यंत त्यात बोट बुडवून चाटलं. तोंड वाकडं करेल असं वाटलं होतं, तर तिनं नाक उडवलं. "हे तं गोडं पानी. कशात भिजिवलं?"

"पाण्यात."

"निवळ पान्यात? येड लागलं का? निवळ पान्यात ते सोडत नाय. आमी आंबलेल्यात टाकतो." आणि तिनं आपला जेवणाचा डबा उघडला. नागलीची आंबील होती, दोन दिवसांची, वास सगळ्या व्हरांड्यात पसरला. वरचं आंबट पाणी तिनं माझ्या कुटलेल्या सालीवर ओतलं आणि झाकण लावून म्हणाली, "उद्या बघ."

कडू सत्त्व आंबटात सुटतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. परीक्षेत लिहून त्याचे गुणही घेतले होते. पण बाडात पाणी लिहिलं होतं आणि मी लिहिलेल्याशी इमान राखून होते. दुसऱ्या दिवशी सकाळी, बोटं गारठलेली असताना, मी गाळून थेंब टाकले आणि नळी नारिंगी झाली. दाट, पारिजातकाच्या देठासारखी. नुसत्या आंबिलीनं तसं होत नाही ना, तेही बघितलं. नाही झालं. मी नळी तशीच रुमालात गुंडाळली आणि पळत बस पकडली. बसमध्ये मी एकटीच हसत होते, शेजारची बाई जरा सरकून बसली.

"आप्पा, औषध खरं आहे," मी दारातूनच म्हणाले. एवढा आनंद मला झाला होता. सगळं एका दमात सांगितलं, मावशी, आंबील, आंबट पाणी. नळी त्यांच्यासमोर धरली. आप्पांनी ती हातात घेतली, उजेडात धरली, आणि त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत उतरत गेला.

"आंबट पाणी," ते म्हणाले. "आईच्या वेळी चुलीमागं एक मडकं असायचं. तांदळाचं धुवण ती फेकत नसे, त्यात ओतून ठेवी. आंबायचं ते. कुड्याचं औषध तीच भिजवायची, त्यातलंच पाणी घ्यायची. बाबा नुसतं म्हणायचे, पाण्यात भिजव गं. आजोबांच्या बाडातही तेच होतं. पाणी. आई गेली, मग मी बाड वाचून करायला लागलो. विहिरीचं ताजं पाणी शेंदून, स्वच्छ भांड्यात."

तेव्हा मला कळलं मी काय घेऊन आले होते. मागच्या वेळचा तो लांब श्वास आठवला. मी घाईनं म्हणाले, "आप्पा, एवढ्याशा पोराला हगवण लागली की अंगातलं पाणी जातं. मीठ-साखरेचं पाणी पाजत राहणं, तेच मुख्य. एकट्या सालीनं ती वाचली असती असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही." आणि हे खरं होतं, आजही मी हेच म्हणेन.

"तू खोटं बोलत नाहीस," आप्पा म्हणाले, "पण आज पहिल्यांदा गोड करून सांगते आहेस."

आप्पा नळीकडे बघत म्हणाले, "ते मडकं मीच नेऊन फोडलं. आई गेल्यावर महिन्याभरात. वास येतो म्हणून."

पडदा हलला. काकू बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मला आठवतं, त्यांच्या हाताला पीठ होतं. "वास मला येत होता," त्या म्हणाल्या, "तुम्हाला कधी कशाचा वास आलाय? दुसऱ्यांदा दिवस गेले होते, मळमळायचं मला. मी मागं लागले म्हणून फोडलंत. इतकी वर्षं एकट्यानं काय घेऊन बसलाय?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तीस वर्षं एका पडद्याच्या दोन बाजूंना बसून दोघांनी तेच एक ओझं वेगवेगळं वाहिलं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना. मला रडू आलं होतं, ते मी लपवलं नाही. काकूंनी हाताचं पीठ पदराला पुसलं आणि आप्पांच्या शेजारी, दवाखान्यात, पेशंटच्या बाकावर बसल्या. तिथे मी त्यांना कधी बसलेलं पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं आप्पांनी बाड काढलं, लाल फडकं सोडलं, ते पान उघडलं आणि दौत-टाक माझ्यापुढे सरकवला. "लिही. पाणी या शब्दाच्या बाजूला. तांदळाचं धुवण, दोन दिवस आंबवलेलं."

"मी? तुमच्या बाडात?"

"मग कोण? शोधलं कुणी?"

"सोनाबाईनं," मी म्हणाले.

"मग तिचं नाव लिही. आणि आईचंही." काकू मधेच म्हणाल्या, "द्वारका. नाहीतर परत नुसतं पाणीच लिहाल." मी लिहिलं. आजोबांच्या वळणदार अक्षराशेजारी माझं बारकं, शाळेतलं अक्षर. टाकातून शाईचा एक डाग पडला. तो डाग अजून त्या पानावर आहे. जमिनीवरची बरणी आप्पांनी उचलून परत कपाटात ठेवली. मी निघाले तेव्हा काकू आत तांदूळ धूत होत्या. धुवण त्यांनी मोरीत ओतलं नाही.

त्यानंतर मी पंचवीसएक वर्षं हेच केलं. ऐंशीचं दशक तर सगळं साली-मुळ्यांतच गेलं. निर्गुडी, रुई, सागरगोटा, बिब्बा. कधी सुरगाण्याकडे, कधी चांदवडला कांद्याच्या शेतांच्या बांधावर, कधी सटाण्याकडे. पुष्कळ औषधं खरोखरच पोकळ निघाली. तेही लिहिलं, गोड न करता. पण माझ्या फॉर्मवर मी एक रकाना वाढवून घेतला होता: स्वयंपाकघरात विचारले का? नवीन आलेली मुलं हसायची. साहेबांनी दोनदा तो रकाना खोडला, दोनदा मी परत घातला. बाडं पुरुषांनी लिहिली आणि औषधं बायकांनी केली. लिहिणाऱ्याला जे नेहमीचंच वाटतं ते तो लिहीत नाही, आणि नेमकं तेच हरवतं. एवढी एक गोष्ट मी सगळ्या नोकरीत शिकले म्हणायची, बाकीचं विसरले तरी चालेल.

आप्पा गेले तो हिवाळाच होता. काकू पुढे चार वर्षं होत्या. त्यांनी ते बाड मला दिलं, त्याच लाल फडक्यात. म्हणाल्या, "हात धुवून धर हो." आणि हसल्या. मावशीशी शेवटचं बोलणं मात्र राहून गेलं. एका बुधवारी ती आली नाही, मग आलीच नाही. तिच्या गावाला गेले तर तो पांढरा कुडा उभा होता. तळहाताएवढी जुनी खूण भरून आली होती. मी खोडाला हात लावून थोडा वेळ उभी राहिले. बोलले काय ते सांगत नाही.

तर परवाचा तो इंद्रजव मी चावून टाकला नाही, अर्धा चिमटून बाकीचा कुंडीत पुरला. खाली आले तर सून स्वयंपाकघरात नाक धरून उभी. ओट्याच्या कोपऱ्यात माझं छोटं मडकं असतं, त्यात मी तांदळाचं धुवण साठवते. औषध आता कुणाला देत नाही, घरात डॉक्टर आहेत, सून स्वतःच डॉक्टर आहे. गुणाची पोर आहे, पण तिचं नाक तिखट. "आई, खरंच, याचा फार वास येतो. टाकून देऊ का?"

"येऊ दे," मी म्हणाले. "बस इथे. हे मडकं कुणाचं ते सांगते." आणि कुमुदपासून सुरुवात केली.